खिशातला हात

हॉस्पिटलचा गाउन घालायला तिने साफ नकार दिला, कारण त्याला खिसा नव्हता.

"पाठीमागून उघडा आहे त्याचं काही नाही," ती नर्सला म्हणाली. "या वयात माझी पाठ बघून कुणाला काय मिळणार? पण खिसा नाही म्हणजे काय? माणूस आजारी पडला की त्याचे हात काढून घेता का तुम्ही?"

नर्स माझ्याकडे आली. मी तिच्या वॉर्डची डॉक्टर नव्हते, पण आयर्लंडमधल्या पोर्टलीश गावच्या त्या हॉस्पिटलात सगळ्यांना ठाऊक होतं की मी हिच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहते. "डॉक्टर, तुमची घरमालकीण," एवढंच म्हणून नर्सने हात टेकले. मी घरी जाऊन तिचा स्वतःचा नाइटगाउन आणला. त्याला तिने जुन्या पुरुषी पॅन्टच्या जाड कापडाचा खिसा शिवला होता. तो घालून ती उशीला टेकली, उजवा हात खिशात घातला, आणि मग कुठे सुई टोचू दिली. डाव्या हाताला.

त्या खिशात एक चामड्याचं होल्स्टर होतं. तळहाताएवढं, तपकिरी, कडेला काळं पडलेलं, खिशात ठेवायच्या छोट्या रिव्हॉल्व्हरचं. आणि ते रिकामं होतं. मी ओळखायला लागल्यापासून ते रिकामंच होतं, आणि तरी ते तिच्या खिशात नाही असा दिवस मी पाहिला नाही. शेवटी तिला कोट घालून शवपेटीत ठेवलं तेव्हाही मी ते त्या कोटाच्या खिशात घातलं. अंडरटेकर बघत होता. त्या गावात तिच्या खिशाबद्दल बोलायची कुणाची हिंमत नव्हती.

तिचं नाव मी लिहीत नाही. तिला आवडलं असतं तर तिनेच मला बसवून लिहायला लावलं असतं, आणि शब्दही तिनेच सांगितले असते. गावात तिला 'यँक' म्हणत, कारण उमेदीची सगळी वर्षं तिने अमेरिकेत काढली होती. अमेरिकेत तिला 'आयरिश' म्हणायचे. "दोन्हीकडे मी परकीच," ती सांगायची, "म्हणून दोन्हीकडे मी हक्काने बसते. परक्या माणसाने उभं राहिलं की लोक समजतात, निघालाय."

मी खोली बघायला गेले तेव्हा तिने मला नोकरी, पगार, नवरा, धर्म यांतलं काही विचारलं नाही. माझ्या जीन्सकडे बोट दाखवून विचारलं, "खिसे आहेत?" मी हो म्हटलं. तिने सरळ पुढे येऊन माझ्या खिशात दोन बोटं घातली. ती पेरापर्यंतही गेली नाहीत.

"हा खिसा नाही. खिशाच्या नावाने मारलेली थाप आहे," ती म्हणाली. "बायकांना कायम हेच विकतात. काढून ठेव, मी बघते."

खोली मिळाली. त्याच आठवड्यात माझ्या तिन्ही पॅन्टींना गादीच्या कापडाचे, मनगटापर्यंत हात जाईल असे खिसे लागले. मी नागपूरची. तिथे मला साडी, ड्रेस, एप्रन यांबद्दल सल्ले देणारे पुष्कळ होते, पण माझा हात कुठे जातो याची काळजी करणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं.

'ग्रँड' हा आयर्लंडमध्ये कशालाही चालणारा शब्द. बरं आहे, ठीक आहे, नको, असू दे, सगळं त्यात येतं. तिच्या तोंडी त्याचा अर्थ एकच होता: विषय संपला आणि तू हरलीस. फादर चर्चमध्ये पुढे बसायला सांगायला आले, ग्रँड. फिजिओथेरपिस्टने काठी दिली, ग्रँड. ती काठी तिने घेवड्याच्या वेलाला आधार म्हणून बागेत रोवली.

होल्स्टरची गोष्ट मला कळली ती आईमुळे.

आई तीन महिन्यांसाठी आली होती. तिचं सगळं आयुष्य अमरावतीकडच्या गावात आणि मग नागपुरात गेलेलं, इंग्रजी 'थँक्यू'पुरतं. आल्या आल्या तिने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. एक दिवस दुपारी कपाटात, म्हणजे इकडच्या भाषेत 'प्रेस'मध्ये, ती हळदीसाठी बरणी शोधत होती आणि तिच्या हाताला ते होल्स्टर लागलं. घरमालकीण बाईंनी कोट धुवायला काढला होता, म्हणून घटकाभर ते तिथे ठेवलेलं.

"हे काय वं?" आईने मला विचारलं. "मले त चंचीवानी दिसून रायलं. म्हातारी पान खाते काय?"

बाई दारातच उभ्या होत्या. मी लाजत लाजत भाषांतर केलं. त्यांनी खुर्ची ओढली, आईला समोर बसवलं, होल्स्टर टेबलावर ठेवलं, आणि एखाद्या सुनेला पुरणपोळी शिकवावी तसं सांगायला सुरुवात केली. मी मध्ये बसून इकडचं तिकडे करत होते.

अमेरिकेत त्या एका जवाहिऱ्यांच्या कंपनीत होत्या. कारखान्यातून दुकानात खडे पोचवायचे. मोटार नाही, पहारेकरी नाही, कारण दिमाख दिसला की चोर येतो. त्यापेक्षा एक साधीशी बाई, साधा कोट, जवळ लाखांचे खडे आणि सोबत रीतसर परवान्याचं रिव्हॉल्व्हर. कंपनी बायकांना त्यासाठी खास पर्स देत असे, आत चोरकप्पा असलेली. बायका पर्स घेतातच, मग त्यातच ठेवा, असा हिशेब.

"मी पर्स घेतली नाही," बाई म्हणाल्या. "पर्स हिसकावतात. खिसा हिसकावता येत नाही. खिसा न्यायचा तर मला न्यावं लागतं."

मालकाने सांगितलं, पर्स घे नाहीतर घरी जा. त्या घरी गेल्या. घरी म्हणजे भाड्याच्या खोलीत, आणि दुसऱ्या दिवसापासून एका हॉटेलात भांडी घासायला. पण त्या आधी घोड्याचं खोगीर करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून त्यांनी हे होल्स्टर करून घेतलं होतं आणि ते तसंच कोटात राहिलं. पुढे त्यांच्या जागी ठेवलेल्या मुलीची पर्स भर रस्त्यात हिसकावली गेली. खडे सापडले. तिचं रिव्हॉल्व्हर सापडलं नाही.

"ते पुढे कुणाच्या हाती लागलं, कुणावर चाललं, मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "ती मुलगी चांगली होती. तिने फक्त सांगितलेलं ऐकलं."

मालकाने निरोप धाडला. त्यांनी उलट निरोप दिला: सगळ्या बायकांच्या कोटांना खिसे शिवा, मग येते. ते शिवले गेले तेव्हाच त्या कामावर परतल्या.

आईने होल्स्टर उचलून वास घेतला. "चामडं चांगलं हाय. पन हे नुसतं खिशात ठेवाचं, त मंग ह्याचं काम काय? बंदूक तशीच ठेवा ना."

हा प्रश्न मी भाषांतर केला आणि बाईंचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता म्हणे, सगळे फक्त 'कुणाला मारलं का' विचारायचे.

पहिली गोष्ट, त्यांनी बोट ठेवून दाखवलं, चाप पूर्ण झाकला पाहिजे. दुकानात होल्स्टर घ्यायला गेलात तर आधी तेवढंच बघा. चाप उघडा राहिला तर खिशातली एक किल्लीसुद्धा तुमचा जीव घेईल. म्हणूनच त्या खिशात दुसरं काही नाही, रुमालसुद्धा नाही. दुसरी गोष्ट, बाहेरची बाजू खरखरीत. चामड्याची उलटी बाजू बाहेर घेतलेली, म्हणजे हत्यार ओढलं की होल्स्टर कापडाला धरून आतच राहतं. नाहीतर बाहेर काढाल आणि हातात येईल चामड्याचा गोळा, मग चोर हसेल आणि तुम्ही मराल. बाहेरून ते चौकोनी दिसतं, पाकीट असल्यासारखं. आणि परत ठेवताना घाई नाही. आधी होल्स्टर बाहेर काढायचं, टेबलावर शांतपणे हत्यार आत बसवायचं, मग दोन्ही मिळून खिशात. ओलं झालं तर रेडिएटरवर वाळवायचं नाही, चामडं तडकतं. रोज गोळ्या काढलेल्या हत्याराने, आरशासमोर, कंटाळा येईपर्यंत सराव करायचा. "आणि कंटाळा आल्यावर खरा सराव सुरू होतो."

"आन् कधी काढली का?" आईने विचारलंच.

"एकदाही नाही," बाई म्हणाल्या. "हेच तर खिशाचं आहे. हात आधीपासून तिथे असतो. समोरच्याला वाटतं बाईला थंडी वाजतेय. मला मात्र ठाऊक असतं की मला घाई करायची गरज नाही. घाई नसलेल्या बाईला लोक वाट देतात."

आयर्लंडला परतताना त्यांनी रिव्हॉल्व्हर तिथेच रीतसर विकलं, इथे ते चालत नाही म्हणून. कायदा त्या काटेकोर पाळायच्या. फक्त माणसांचं ऐकायच्या नाहीत. होल्स्टर तेवढं आणलं. गावात मात्र बोलवा झाली की यँककडे बंदूक आहे, भिंतीत पुरली आहे. ही अफवा त्यांनी कधी मान्य केली नाही आणि कधी खोडलीही नाही.

आई इथे असतानाच ते घडलं.

घरापासून हॉस्पिटलपर्यंत मी चालत जात असे. वाटेत एक सट्ट्याचं दुकान, त्याच्या दाराशी एक माणूस उभा असायचा. पस्तिशीचा असेल. सुरुवातीला तो नुसता बघायचा. मग 'गो होम' सुरू झालं. मी कानात इयरफोन घालायला लागले. मग एक दिवस भर सकाळी त्याने पुढे होऊन माझ्या गळ्यातली हॉस्पिटलच्या ओळखपत्राची पट्टी धरली आणि खेचली. मानेला हिसका बसला, पट्टी तुटली. त्याने कार्डावरचं माझं नाव मोठ्याने, मुद्दाम वाकडंतिकडं करून वाचलं, हसला आणि कार्ड गटारात टाकलं. समोरच्या बसस्टॉपवर माणसं होती. ती बसची वाट बघत राहिली.

मी कार्ड उचललं, ड्यूटी केली, घरी आले आणि जिन्यातच बसले.

आई म्हणाली, "चाल वापस. नागपुरात का दवाखाने नाईत? कोनाच्या बापाचं खाऊन रायलो आपन इथी?"

बाई स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होत्या. शब्द कळले नसतील, पण विषय कळला. मी त्यांना विचारलं, मला काहीतरी जवळ ठेवायला शिकवाल का? ते मिरचीच्या फवाऱ्याचं वगैरे?

"इथे तो बेकायदा आहे," त्या म्हणाल्या. "तो बाबा तिथे उभाच राहील आणि पकडून नेतील तुला. शिवाय जे वापरता येत नाही ते हत्यार समोरच्याचं असतं." मग थोड्या वेळाने, "उद्या कुठून जाणार आहेस?"

मागच्या रस्त्याने, मी म्हटलं. थोडं लांब पडतं.

त्या एकदम चिडल्या. पहिल्यांदाच मी त्यांना आवाज चढवताना ऐकलं. "त्या फुटपाथचा टॅक्स तुझ्या पगारातून जातो! तो दिवसभर घोड्यांवर पैसे लावतो आणि तू लांबून जाणार? एकदा लांबून गेलीस की मग तो मागच्या रस्त्यावर येईल. मग काय, शेतातून जाशील?"

मला दुसऱ्या दिवशी सकाळची ड्यूटी होती. आम्ही तिघी निघालो. आई साडीवर स्वेटर आणि स्पोर्ट्स शूज घालून, बाई त्या जाड कोटात, उजवा हात खिशात, आणि मी मध्ये. तुटलेली पट्टी मी खिशात घालणार होते. बाईंनी ती हातातून घेतली, गाठ मारली आणि माझ्या गळ्यात अडकवली.

तो होताच. आणखी दोघे होते बरोबर. "आज सगळं खानदान आणलंय," तो म्हणाला आणि फुटपाथच्या मधोमध आला.

बाई थांबल्या. पाय थोडे फाकवून, खांदे सैल सोडून, त्याच्याकडे बघत नुसत्या उभ्या राहिल्या, जणू काही त्यांना तिथेच यायचं होतं. त्याची नजर हळूहळू त्यांच्या कोटाच्या खिशावर गेली. बरोबरच्या दोघांची आधीच गेली होती.

"खिशात काय आहे तुमच्या?" त्याने विचारलं.

"माझा हात," बाई म्हणाल्या.

"आणि हातात?"

"बाजूला हो. डॉक्टरला कामावर जायचंय."

तेवढ्यात आईचा धीर सुटला. किंवा आला, म्हणा. ती सरळ त्याच्या पुढ्यात गेली, त्याच्या छातीपर्यंत येत होती ती, आणि बोट नाचवत सुरू झाली, "काहून बे मुडद्या, माह्या पोट्टीच्या गळ्याले हात लावते? तुह्या मायनं तुले हेच शिकवलं काय? तुही माय आजारी पडन तवा हेच पोट्टी तिले सुई टोचन, समजलं?" त्याला एक अक्षर कळलं नाही. पण आईच्या वयाची बाई रस्त्यात ओरडते तेव्हा भाषा लागत नाही. तो एक पाऊल मागे गेला, मग दुसरं, आणि मग दुकानाच्या दारात.

आम्ही गेलो. हॉस्पिटलच्या दारापर्यंत मी चार वेळा मागे वळून पाहिलं. बाई मात्र वाटेत आईला बेकरी दाखवत होत्या.

संध्याकाळी गार्ड आली. गार्ड म्हणजे इथला पोलीस. तरुण मुलगी होती. त्याच माणसाने तक्रार केली होती, म्हातारीने बंदुकीचा धाक दाखवला म्हणून. आम्ही स्वयंपाकघरात होतो.

"खिसा दाखवावा लागेल," ती अवघडून म्हणाली.

बाईंनी होल्स्टर टेबलावर ठेवलं. गार्डने ते उघडून आत पाहिलं, उलटं करून झटकलं. थोडा कापडाचा भुगा पडला, बस.

"रिकामं होल्स्टर कशाला बाळगता?"

"माझा हात त्यात बसतो. खिशात हात ठेवायला बंदी आहे का?"

"नाही, पण..."

"मग झालं. त्याने सांगितलेलं तुम्ही तपासलंत. आता तो इतका का घाबरला, तेही विचारा. घाबरायला कारण लागतं." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी तक्रार केली नव्हती. करणार नव्हते. आपलं वर्क परमिट, आपलं कॉन्ट्रॅक्ट, उगाच नाव चर्चेत कशाला. इथल्या आमच्या सगळ्या ग्रुपांवर हाच सल्ला फिरत असतो. मी म्हणणार होते, इट्स ग्रँड, जाऊ द्या. तोंडही उघडलं होतं. आईने चहाचा कप माझ्यासमोर ठेवला आणि माझ्या मानेवरचा ओरखडा दिसावा म्हणून माझे केस एका बाजूला केले.

मी सगळं सांगितलं. गार्डने लिहून घेतलं, मध्ये एकदा थांबून माझ्या नावाचं स्पेलिंग विचारलं. बसस्टॉपवरच्या माणसांपैकी एक बाई दुसऱ्या दिवशी साक्ष द्यायला तयार झाली. त्याला कोर्टात उभं राहावं लागलं. शिक्षा म्हणावी तशी झाली नाही, दंड आणि समज, एवढंच. मला राग आला. "फार काय होणार होतं?" बाई म्हणाल्या. "त्याला कोट-टाय घालून यावं लागलं ना तुझ्यासाठी?"

त्यानंतर त्या रोज त्याच्यासमोरून जाताना थांबून, खणखणीत आवाजात त्याला 'गुड मॉर्निंग' म्हणायच्या आणि उत्तर येईपर्यंत हलायच्या नाहीत. शेवटी त्याने उभं राहायची जागा बदलली.

दोन हिवाळ्यांनंतर त्या गेल्या. छातीत पाणी झालं होतं. वॉर्डात त्यांनी चहा बेचव आहे म्हणून तक्रार केली, माझ्या नव्या पॅन्टचे खिसे तपासले, नापास केले, आणि पहाटे झोपेतच गेल्या.

इकडे माणूस गेला की फ्युनरल होममध्ये घरचे लोक एका रांगेत बसतात आणि सगळं गाव एकेक करून पुढून जातं, हात मिळवतं, 'सॉरी फॉर युअर ट्रबल' म्हणतं. बाईंना घरचं कुणी नव्हतं. एक भाचा कॅनडात, तो येऊ शकला नाही. मी मागच्या बाकावर बसले होते. शेजारची म्हातारी आली, माझा दंड धरला आणि मला पुढच्या खुर्चीवर नेऊन बसवलं. "मग कोण बसणार?" ती म्हणाली. फोनवर आई होती, नागपुरात तेव्हा रात्र झालेली; तीही म्हणाली, "बस वं. तूच हायेस तिची."

गाव पुढून सरकू लागलं. हात मिळवून मिळवून माझी बोटं गार पडली. आणि त्या रांगेत तो होता. धुतलेला शर्ट, ओले विंचरलेले केस, खाली नजर. इथे असं होतं. भांडण असो काही असो, मातीला सगळे येतात.

तो माझ्यासमोर आला. त्याने हात पुढे केला. मी लगेच केला नाही. मागे रांग थांबली, कुणीतरी खाकरलं. मग मी उभी राहिले. बसून नव्हतं करायचं मला ते. त्याचा हात घेतला आणि घट्ट धरून ठेवला.

"सॉरी फॉर युअर ट्रबल," तो पुटपुटला.

मी माझं नाव सांगितलं. माझं, बाबांचं, मग आडनाव, प्रत्येक अक्षर सुटं करून. आणि वाट बघत राहिले.

त्याला कळलं. त्याने प्रयत्न केला, आडनावात अडकला. मी मान हलवली. त्याने मागे रांगेकडे पाहिलं. सगळे शांत उभे होते, कुणीही घाईत नव्हतं. त्याने परत सुरुवात केली, लाल होत, हळूहळू, आणि या खेपेला ते शेवटपर्यंत बरोबर म्हटलं.

"थँक्यू," मी म्हटलं, आणि त्याचा हात सोडला.